स्वयंचलित दिनदर्शिका (स्प्रेडशीटमधील)

स्प्रेडशीटमध्ये वर्ष आणि महिना बदलताच सूत्रांच्या आधारे तारखा आपोआप नव्याने मांडणारा तक्ता. एक्सेलमध्ये प्रत्येक तारीख ही एक क्रमांक म्हणून साठवली जाते. १ जानेवारी १९०० चा क्रमांक १, तर १ ऑगस्ट २०२६ चा ४६,२३५ असल्यामुळे तारखांची बेरीज-वजाबाकी साध्या अंकांप्रमाणे करता येते. (लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रणालीशी सुसंगती राखण्यासाठी १९०० हे वर्ष चुकीने लीप धरण्यात आले आणि ती चूक आजही कायम आहे.)

या तक्त्याचा गाभा पहिल्या चौकटीत असतो. ‘डेट’ या फलनाने महिन्याची पहिली तारीख मिळवून तिच्यातून ‘वीकडे’ या फलनाने दिलेला वाराचा अंक (रविवार १, शनिवार ७) वजा केला व १ मिळवला, की त्या आठवड्याचा रविवार हाती येतो. ऑगस्ट २०२६ ची सुरुवात शनिवारी होत असल्याने ही चौकट २६ जुलै दाखवते. पुढील प्रत्येक चौकटीत एकेक दिवस वाढवत जावे लागते. नव्या आवृत्त्यांत ‘सीक्वेन्स’ हे एकच फलन ६ ओळी व ७ स्तंभ भरते. शनिवारी सुरू होणारा ३१ दिवसांचा महिना पाच ओळींत मावत नाही, म्हणून सहावी ओळ आवश्यक ठरते. लगतच्या महिन्यांतील तारखा सशर्त स्वरूपणाने, म्हणजे अट पूर्ण झाल्यावर चौकटीचा रंग बदलणाऱ्या सोयीने, फिकट करतात.

गुढीपाडव्यासारखे तिथीवर अवलंबून असलेले सण मात्र अशा साध्या सूत्रांतून मिळत नाहीत. ते पंचांगावरून वेगळ्या यादीत दरवर्षी भरावे लागतात.