डिकीतला सिलिंडर

परवा नातू पुण्याहून आला होता. त्याच्या नव्या गाडीची डिकी उघडली तर आत सीएनजीची टाकी, कंपनीनेच बसवून दिलेली. "आजोबा, तुमच्या व्हॅनला पण गॅस होता ना?" त्याने सहज विचारले. मी काही बोललो नाही. आतून सौ. म्हणाल्या, "सांगा की आता!"

तर सांगतो.

गॅसवर मोटार चालवणे ही काही नवी टूम नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला रेशन लागले, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. वडील सांगायचे, मोटारीच्या मागे उभ्या पिंपासारखी भट्टी असे. तीत लोणारी कोळसा पेटवायचा, हवा बेताचीच द्यायची, आणि तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड गाळून इंजिनात सोडायचा. निघण्याआधी भट्टी फुलेपर्यंत उतारू ताटकळत, आणि चढ आला की खाली उतरत. पुढे पेट्रोल मिळू लागले, भट्ट्या भंगारात गेल्या.

स्वयंपाकाचा गॅस नंतरचा. मुंबईत १९५५ साली बर्मा शेलने तो विकायला सुरुवात केली, इंडेनचा सिलिंडर १९६५ साली कलकत्त्यात आला. हदगावात आमचा नंबर लागायला त्यानंतर कितीतरी वर्षे गेली. तोवर रॉकेलचा स्टोव्ह आणि चूल, चुलीला तुराट्या नि पऱ्हाट्या. गॅस आला त्या दिवशी सौं.नी शेगडीला हळदकुंकू लावले होते.

१९९७ साली मी जुनी मारुती व्हॅन घेतली, पेट्रोलवरची. मास्तरच्या पगारात पेट्रोल परवडेना. घरगुती सिलिंडरची किंमत सरकारने कमी ठेवलेली, म्हणून नांदेडपासून इकडे ज्याला त्याला एकच युक्ती सुचलेली. एका मेकॅनिकने मागच्या सीटमागे घरचे लाल सिलिंडर आडवे टाकले, नळी पुढे नेली, आणि व्हॅन चालू! हिशेब मी वहीत मांडला होता. १४.२ किलोत नांदेडला जाऊन येऊन दोन खेपा. घरात तेवढ्यातच चार माणसांचा महिन्याचा स्वयंपाक होई.

हे बेकायदा आहे हे मला ठाऊक होते. नागरिकशास्त्र मीच शिकवत होतो.

धोका तर उघडच होता. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचून राहतो. त्याला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. त्या वासाच्या भीतीने आम्ही जानेवारीच्या थंडीतही काचा उघड्या ठेवून वारंगा फाट्यापर्यंत कुडकुडत जात असू. एकदा वळणावर सिलिंडर घरंगळले. मागे मुलगी बसली होती. तिला लागले नाही, पण तो आवाज अजून कानात आहे.

कायदा नंतर आला. दिल्लीत सुप्रीम कोर्टाने १९९८ साली बसगाड्या सीएनजीवर आणायचा आदेश दिला, मुंबईच्या टॅक्सीही तिकडे वळल्या. पण सीएनजीला पाइपलाइन लागते, ती आमच्या मराठवाड्यात कुठली? आमच्या वाट्याला एलपीजीच. २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन गॅसचे किट बसवायला परवानगी मिळाली, २००१ साली वाहनातल्या एलपीजीसाठी वेगळा आदेश निघाला. घरगुती सिलिंडर गाडीला लावणे मात्र तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे.

मी २००३ साली रीतसर किट बसवले. तेव्हा कळले, आपण काय काय वगळले होते! जाड पोलादाची, बोल्टने आवळलेली टाकी. ८० टक्के भरली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, कारण उन्हात द्रव फुगतो, त्याला जागा हवी. इंजिन बंद पडले की गॅस तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह. द्रवाची वाफ होताना गोठू नये म्हणून रेडिएटरचे गरम पाणी फिरवलेला रिड्यूसर. वर आरसी बुकात नोंद. आमच्या जुगाडात यातले काहीच नव्हते. एवढे करून लिटरमागे धाव पेट्रोलपेक्षा कमीच. असो.

पण ही सगळी यंत्राची बाजू झाली. मधली सहा वर्षे सिलिंडर डिकीत असायचे आणि नवे मिळेपर्यंत घरात चूल पेटायची. पुस्तक सौं.च्या हौसेने घेतलेले, बुकिंग त्याच करायच्या, आणि तुराट्या फुंकायच्याही त्याच. दम्याचा पहिला त्रास त्यांना २००१ च्या पावसाळ्यात झाला. डॉक्टरांनी विचारले, "घरात धूर असतो का?" मी म्हणालो, "नाही, गॅस आहे."

नातू ऐकत होता. त्याने सौं.ना विचारले, "आजी, तू काहीच बोलली नाहीस?"

"बोलले की. रोज बोलले," सौ. म्हणाल्या. "पण व्हॅन सुरू असली की यांना ऐकू येत नसे."