चंद्रयान-३ : कक्षाबदल व अवतरण यंत्रणा

चांद्रयानाला पृथ्वीच्या कक्षेतून चंद्राकडे वळवून अलगद उतरवणारी इंजिने व टप्पे. १४ जुलै २०२३ रोजी एलव्हीएम-३ रॉकेटच्या वरच्या सी-२५ टप्प्याने यानाला सुमारे १७० × ३६,५०० किमी लंबवर्तुळाकार कक्षेत सोडले. या टप्प्यातील द्रव हायड्रोजन उणे २५३° से. तापमानाला, तर द्रव ऑक्सिजन उणे १८३° से. तापमानाला ठेवावा लागतो. सी-२५ चे सीई-२० इंजिन, तसेच रॉकेटच्या खालच्या टप्प्याची विकास इंजिने मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजने बनवली, बूस्टरच्या कवचाचे भाग वालचंदनगरचे (जि. पुणे). साखर कारखान्यांची यंत्रे घडवणारे हेच गाव!

पुढचा प्रवास काटकसरीचा होता. यानाला ढकलणाऱ्या प्रणोदन कक्षाच्या अवघ्या ४४० न्यूटनच्या इंजिनाने कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवली, १ ऑगस्टला यान चंद्रमार्गी लावले आणि ५ ऑगस्टला वेग मारून त्याला चंद्राच्या कक्षेत बसवले. चंद्रावर हवा नाही, म्हणजे पॅराशूट निरुपयोगी. सगळा वेग इंजिनांनीच मारायचा. त्यासाठी यानाच्या विक्रम या अवतरकावर (लँडरवर) जोर कमीजास्त करता येणारी, प्रत्येकी ८०० न्यूटनची चार इंजिने होती. चंद्रयान-२ वर पाच होती. २३ ऑगस्टला विक्रम उतरला. ३ सप्टेंबरला तीच इंजिने पुन्हा पेटवून त्याने सुमारे ४० सेंमी उडी मारली.