सोडणे आणि सांभाळणे : झाडीपट्टीतील आश्रयाचा एक इतिहास

मराठीत ‘सोडणे’ हे क्रियापद मोठे फसवे आहे. पिंजऱ्यातला पक्षी सोडला म्हणजे त्याला मुक्त केले; कुत्र्याचे पिल्लू गावाबाहेर सोडले म्हणजे त्याला टाकून दिले. दोन्ही कृतींना शब्द एकच, आणि दुसरे करणारा माणूस बहुधा पहिल्याचे समाधान मिळवून घरी परततो. ‘मोकळ्या जागेत सोडून आलो, जगेल तिथे’, हे वाक्य चंद्रपूर-गडचिरोलीकडे कानावर न पडलेला माणूस विरळा. मोकळी जागा म्हणजे बहुधा जंगलाची कड. तिथे सोडलेल्या पिल्लाचे पुढे काय होते, हा प्रश्न विचारला जात नाही. आम्ही मराठीचे अध्यापक असल्याने आमचे लक्ष आधी शब्दाकडे गेले. शब्दामागे जाता जाता या दोन जिल्ह्यांतील आश्रयाचा इतिहास समोर आला. तो येथे मांडत आहोत.

आश्रयाची कल्पना आपल्या वाङ्मयाला नवी नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केलेल्या लीळाचरित्रात, पारध्यांनी कुत्री मागे लावलेला एक ससा धावत येऊन चक्रधरस्वामींच्या मांडीखाली दडतो, अशी लीळा आहे. पारधी ससा मागतात. शरण आलेल्यास देता येत नाही, अशी स्वामींची भूमिका असते. पारधी निघून गेल्यावर ससा आपल्या वाटेने जातो. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिरही, सोबत चालत आलेल्या कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. या दोन कथा शेजारी ठेवल्या की एक भेद दिसतो. ससा रानातला आहे. त्याला वाचवायचे आणि जाऊ द्यायचे. कुत्रा माणसाच्या मागे चालत आलेला आहे. त्याला जाऊ देणे हाच त्याचा त्याग. आश्रयाचे हे दोन प्रकार आपल्या पूर्वसूरींना स्पष्ट ठाऊक होते. आपण मात्र त्यांची गल्लत केली.

झाडीपट्टीत कुत्रा पूर्वापार आहे. गोंड-माडियांच्या शिकारीत तो सोबती, मोहफुले वेचायला पहाटे रानात जाणाऱ्यांच्या पुढे तो वाटाड्या, आणि रात्री गुरांच्या गोठ्यापाशी राखणदार. तो बहुधा एका घराचा नसे, गावाचा असे. उरलेसुरले खाई आणि हाकेला ओ देई. त्याला ‘पाळलेला’ म्हणावे की ‘राहिलेला’, हे सांगणे अवघड. याच रानात त्याचा दूरचा भाऊबंद रानकुत्राही आहे, आणि त्याच्या वाट्याला इंग्रजी अमदानीत विलक्षण द्वेष आला. हरणे-सांबरे फस्त करणारा उपद्रवी प्राणी म्हणून त्याला मारणाऱ्यास सरकार बक्षीस देई. १९५५ साली ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकुत्र्यालाही संरक्षण मिळाले. ज्याच्या कातड्यावर बक्षीस होते, त्याला पाहायला आज पर्यटक पैसे मोजून ताडोबाला येतात. प्राणी तोच राहिला. त्याच्याकडे पाहणारी नजर दोन पिढ्यांत पालटली.

या जिल्ह्यांतील आश्रयाचा आधुनिक इतिहास मात्र माणसांपासून सुरू होतो. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापली आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी पन्नास एकरांवर आनंदवनाचा आरंभ केला. साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, कुत्रा आणि चौदा रुपये, अशी ती सुरुवात सांगितली जाते. चौदा रुपयांचा उल्लेख प्रत्येक भाषणात होतो. गाय आणि कुत्रा ओघात येऊन जातात. आम्हांला ते तसे ओघातले वाटत नाहीत. कुष्ठरोग झालेल्या माणसाला त्या काळी घरचेच लोक गावाबाहेर नेऊन ‘सोडत’. त्या माणसांना अन्नवस्त्र देणाऱ्या धर्मादाय संस्था आधीही होत्या. बाबांनी वेगळे केले ते हे, की त्यांच्या हाती काम दिले, विहीर खणायला कुदळ दिली, आणि पुढे दूध विकण्याइतकी गुरे त्यांच्या देखरेखीखाली वाढवली. ज्याला कोणी सांभाळत नव्हते, त्याच्यावर कोणाला तरी सांभाळण्याची जबाबदारी आली. पशूंची सोबत ही त्या प्रयोगाची शोभा नव्हती. तिच्यामुळे त्या माणसांना पुन्हा ‘धनी’ होता आले.

यानंतरचा टप्पा भामरागडचा. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे गेले ते रुग्णसेवेसाठी. प्राण्यांचे अनाथालय हा त्या योजनेचा भाग नव्हता. शिकारीहून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मेलेली माकडीण आणि तिच्या अंगाला बिलगलेले जिवंत पिल्लू त्यांना दिसले. पिल्लूही खाण्यासाठीच आणलेले होते. डॉक्टरांनी ते मागून घेतले. पुढे बदल्यात धान्य मिळू लागले तशी माडिया मंडळी अशी पोरकी पिल्ले आपण होऊन आणून देऊ लागली. बिबटे, अस्वले, हरणे, कोल्हे, मगरी असा संसार वाढत गेला. विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ या पुस्तकामुळे त्यातला एक बिबट्या मराठी घराघरांत पोहोचला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. डॉक्टरांनी शिकारीचा निषेध केला नाही. पोट भरण्यासाठी शिकार करणाऱ्याला उपदेश करणे सोपे असते. त्यांनी पिल्लाच्या बदल्यात अन्न दिले, म्हणजे शिकार करण्यामागची भूक ओळखली. पण या कथेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बाटलीने दूध पाजून वाढवलेला बिबट्या रानात परत सोडता येत नाही. त्याला शिकार शिकवणारी आई नाही आणि माणसाची भीती नाही. असा बिबट्या गावात शिरला तर त्याचाही नाश आणि गावाचाही. हेमलकशाच्या अनाथालयातील कितीतरी प्राण्यांचे आयुष्य म्हणूनच तेथेच गेले. माया लावली की जन्मभराचे देणे लागते. १९७२ चा कायदा कोणालाही घरी वन्यप्राणी ठेवू देत नाही, आणि हेमलकशालाही पुढे बचाव केंद्र म्हणून सरकारी मान्यतेच्या चौकटीत यावे लागले. अपवादाचे अनुकरण होऊ नये, हे त्यामागचे कारण आम्हांस योग्य वाटते. रानात ‘पोरके’ दिसलेले पिल्लू पुष्कळदा पोरके नसते. आई जवळच असते. ते उचलून आणणारा त्याला पोरके करतो.

प्राण्याला दुसरे घर देण्याचा प्रयत्न फसतो कसा, याचे उदाहरण महाराष्ट्रातच, जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात, घडले. २००१ पासून तेथे बिबटे पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडण्याचा सपाटा लागला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसले, की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. ओळखीचा प्रदेश हिरावला गेलेला बिबट्या परक्या मुलखात बिथरतो. याच संशोधकांच्या अहमदनगर जिल्ह्यातील अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे जंगलाच्या कडेला सोडलेले पिल्लू ‘जगेल तिथे’ याचा अर्थ एक तर ते बिबट्याचे भक्ष्य होईल आणि त्याला गावाची चटक लावील. नाही तर टोळीत सामील होऊन चितळांची पाडसे मारील आणि डिस्टेंपरसारखे रोग रानातल्या प्राण्यांना देईल. कुत्रा रानातून हजारो वर्षांपूर्वीच निघाला. आता रान त्याचे घर नव्हे.

आता पिल्लाकडे वळू. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या कोळसा आणि कारखान्यांच्या परिसरात बदलीच्या नोकऱ्या पुष्कळ. पिल्लू हौसेने येते, बदलीचा कागद आला की प्रश्न होते. ज्या गावी उन्हाळ्यात पारा ४७-४८ अंशांवर जातो, तेथे हिमप्रदेशातील दाट केसांची जात आणणे ही हौस पिल्लाला महागात पडते. येथल्या उन्हाशी पिढ्यान्‌पिढ्या जुळलेले गावठी पिल्लू त्या मानाने निरोगी आणि हुशारही असते. ते फुकट मिळते, एवढाच त्याचा दोष.

कुत्र्याला शिकवणे म्हणजे त्याला मार देऊन वठणीवर आणणे, अशी आपली जुनी समजूत. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणातही दंडाला मोठे स्थान होते. पुढे अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण केले व १९६५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत जे त्याच्या ओळखीचे होते, ते त्याला जन्मभर आपले वाटते. या आठवड्यांत त्याने माणसे, मुले, सायकली, फटाक्यांचे आवाज, गुरे हे सारे निर्भयपणे पाहिले पाहिजे. आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये, कारण चावताना किती जोर लावायचा हे ते भावंडांशी खेळताना शिकते. लसी वेळेवर टोचाव्यात, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची अवश्य. शिकवताना एका वेळी एकच शब्द, तो घरातल्या सर्वांनी सारखाच वापरावा, आणि पिल्लाने ऐकले की त्याच क्षणी घास द्यावा. दहा मिनिटांनी दिलेले बक्षीस त्याला कळत नाही. दहा मिनिटांनी दिलेला मार तर मुळीच कळत नाही, त्यातून भीती तेवढी उरते. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत हजारो किलो स्फोटके हुडकणारा ‘जंजीर’ आपल्या स्मरणात आहे. स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्याला स्फोटक म्हणजे काय हे ठाऊक नसते. अमुक वास सापडला की आपला माणूस खूश होतो, एवढेच त्याला ठाऊक असते, आणि तेवढ्यासाठी तो दिवसभर राबतो.

पिल्लू ठेवणे खरोखरच अशक्य झाले तर? तशी वेळ कोणावरही येऊ शकते, आणि ती लाजेची गोष्ट नव्हे. नवे घर शोधावे. त्या घरी दोन-चारदा पिल्लाला नेऊन आणावे. लसींचा कागद, खाण्याच्या सवयी आणि शिकवलेले शब्द नव्या माणसाला द्यावेत. शक्य तर जुने अंथरूण सोबत पाठवावे. चावण्याची खोड असेल तर ती लपवू नये. महिन्याभराने विचारपूस करावी, आणि जमत नसेल तर परत घेण्याची तयारी ठेवावी. लेकीला सासरी धाडताना आपण याहून कितीतरी अधिक करतो. पिल्लाची तर एका पिशवीत मावेल एवढी पाठवणी.

कायद्यानेही टाकून देणे गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये दंड आहे. साठ वर्षांपूर्वी ती रक्कम काही तरी होती. आज ती शिक्षा म्हणून हास्यास्पद आहे. भटक्या कुत्र्यांसाठी २००१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम सांगतात, की नसबंदी व लसीकरण करून कुत्रा पकडला तेथेच परत सोडावा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हे तत्त्व बहुतांशी मान्य केले आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा जागांना त्यातून वगळले. या वादात कुत्र्याने चावलेल्या मुलाची बाजू आणि कुत्र्याला घास घालणाऱ्याची बाजू एकमेकींवर तुटून पडतात. रस्त्यावरचा कुत्रा आला कोठून, हा प्रश्न दोन्हीकडून मागे पडतो. त्यातले किती तरी एका घरातून आले, आणि त्या घराने ‘सोडला’ हा शब्द वापरला.

शब्द बदलल्याने माणसे बदलत नाहीत, हे मराठी शिकवणाऱ्यांस कोणी सांगायला नको. तरीही आमची एक सूचना आहे. पिल्लू रानाच्या कडेला ठेवून आलेल्या शेजाऱ्याने ‘सोडून आलो’ म्हटले, तर आपण शांतपणे म्हणावे, ‘टाकून आलात’. वाईटपणा येईल. ज्या जिल्ह्यांत टाकलेल्या माणसांनी विहिरी खणून आनंदवन उभे केले, तेथे एवढा वाईटपणा घ्यायला हरकत नसावी.