रोहिणीचे खरे तेज

हिवाळ्यात कल्याण-डोंबिवलीच्या दिव्यांच्या झगमगाटातही एक तांबूस तारका मला हमखास सापडते, ती रोहिणी. अरबीत हिला ‘अद्-दबरान’ म्हणतात, म्हणजे मागून येणारी. कारण ती कृत्तिकांच्या मागोमाग उगवते. ६५ प्रकाशवर्षांवरची ही तारका एके काळी सूर्यासारखीच होती. गाभ्यातला हायड्रोजन संपला, तशी ती फुगून सूर्याच्या चाळीसपटीहून मोठी झाली.

पण जवळची पणती दूरच्या मशालीहून उजळ वाटते. अंतर ठाऊक नसेल, तर ताऱ्याचे खरे तेज ओळखायचे कसे? हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत ज्यांचे वडील काम करीत, त्या वेणू बाप्पूंनी ऑलिन विल्सन यांच्यासह १९५७ मध्ये वाट दाखवली. अशा राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियमच्या काळ्या पट्ट्यात एक उजळ रेघ असते. ती जितकी रुंद, तितका तारा तेजस्वी. तेज कळले, की अंतरही काढता येते.

स्वातीही अशीच राक्षसी तारका. तिची वेगळी चाल सांगते, की ती आकाशगंगेच्या जुन्या पिढीतली आहे. सुमारे पाच अब्ज वर्षांनी सूर्यही याच वाटेने जाईल. रोहिणीकडे पाहताना आपण घरच्या दिव्याचे म्हातारपण पाहत असतो.