सारा

सारा : बायबलमधील आद्यमाता, अब्राहामची पत्नी व इसहाकची आई. ‘सारा’ या हिब्रू नावाचा अर्थ राजकन्या किंवा कुलीन स्त्री. तिचे मूळ नाव साराय. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात देव तिचे नाव बदलतो आणि ती राष्ट्रांची माता होईल, असे वचन देतो. नव्वदीत मूल होणार हे ऐकून ती हसली. इसहाक या नावातही हसण्याचाच अर्थ आहे. तिच्या आग्रहावरून अब्राहामने तिची दासी हागार हिला रानात घालवून दिले, हा तिच्या कथेतील कठोर भाग. ती १२७ व्या वर्षी हेब्रोन येथे वारली. तिच्या दफनासाठी अब्राहामने मकपेला येथील शेत व गुहा ४०० शेकेल चांदी मोजून विकत घेतली.

ज्यू परंपरेत शब्बाथच्या संध्याकाळी आईवडील लेकीला सारा, रिबका, राहेल व लेआ यांच्यासारखी होण्याचा आशीर्वाद देतात. कुराणात तिचे नाव येत नाही; मात्र इब्राहीमची (अब्राहामची) पत्नी हसल्याचा प्रसंग ‘हूद’ या सूऱ्यात आहे. इस्लामी परंपरा तिला सारा म्हणूनच ओळखते.

महाराष्ट्रात हे नाव तीन धर्मांत रुजले आहे. कोकणातील मराठी भाषक बेने इस्रायली ज्यू, खानदेशातील जळगाव–धुळ्याची मुस्लिम कुटुंबे आणि नवापूर परिसरातील आदिवासी ख्रिस्ती या सर्वांच्या धर्मपरंपरेत ती पूज्य आहे. एकाच आद्यमातेला मान देणारे हे समाज आपल्या शेजारीच नांदतात, हे या नावाचे मोठेपण होय.