आधी कांडी, मग धोटा

सोलापुरात जुनी मिल १८७७ला निघाली. पण विणकामाची खरी शाळा पूर्व भागातल्या घरांत भरायची, आणि तीही तेलुगूत! तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत पोर आधी कांड्या भरायला बसायचं. मग तुटलेला धागा सांधणं. फणीच्या घरांतून ताण्याचे शेकडो धागे एकेक करून ओढणं हे त्यापुढचं. धोटा हाती यायचा सगळ्यात शेवटी. या शिक्षणाला फी नव्हती म्हणतात. माझ्या मते होती. बायका-पोरांच्या कामाला वेगळी मजुरी नसे, ती विणकराच्या मजुरीतच धरलेली. पुढे यंत्रमाग आले, चादर त्यांवर निघू लागली. धोटा फेकणारा हात रिकामा झाला. गाठ मारणारी बोटं मात्र तिथंही लागली.