फेंडर टेलिकास्टर

फेंडर टेलिकास्टर ही अमेरिकेतील फेंडर कंपनीची सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार आहे. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे तिची रचना केली. १९५० पासून या गिटारचे उत्पादन होत असून भरीव लाकडी अंगाची, व्यापारीदृष्ट्या यशस्वी ठरलेली पहिली स्पॅनिश पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार म्हणून ती ओळखली जाते. प्रारंभी कंट्री संगीताशी जोडले गेलेले हे वाद्य पुढे ब्लूज, सोल, रॉक, पंक, जॅझ आणि हेवी मेटल या परस्परभिन्न प्रकारांत रूढ झाले. मूळ आराखड्यात फारसा बदल न होता हे घडले, हे तिचे वैशिष्ट्य होय.

इतिहास

लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करीत. ते स्वतः गिटारवादक नव्हते. त्या काळी प्रचलित असलेल्या पोकळ अंगाच्या गिटारचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरवर वाढविला की तिचे अंगच कंप पावू लागे व कर्कश शिट्टी उमटे. फेंडर यांनी भरीव लाकडाचे अंग वापरून हा दोष बराच कमी केला. मेपल लाकडाची दांडी अंगाला चिकटविण्याऐवजी स्क्रूने जोडल्यामुळे उत्पादन सोपे झाले आणि बिघाड झाल्यास दांडी बदलणेही शक्य झाले.

ही गिटार प्रथम 'एस्क्वायर' या नावाने व नंतर दोन पिकअपसह 'ब्रॉडकास्टर' या नावाने विक्रीस आली. ग्रेट्श कंपनीच्या ड्रमचे नाव याच उच्चाराचे असल्याने त्या कंपनीने आक्षेप घेतला. परिणामी १९५१ मध्ये काही काळ गिटारवर केवळ 'फेंडर' एवढेच नाव छापले गेले. संग्राहक या गिटारना 'नोकास्टर' म्हणतात. त्याच वर्षी, तेव्हा नव्याने पसरत असलेल्या टेलिव्हिजनवरून 'टेलिकास्टर' हे नाव निश्चित झाले.

रचना व नादनिर्मिती

टेलिकास्टरवर दोन पिकअप, तीन टप्प्यांचा एक खटका आणि दोन बटणे असतात. एक बटण आवाजाचे, तर दुसरे नादाचा तीव्रपणा कमी-अधिक करण्याचे. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो.

घोडीजवळ तारेच्या कंपनात उच्च स्वरांश ठळक असतात, तर दांडीच्या बाजूस मूळ स्वर अधिक भरीव असतो. टेलिकास्टरमध्ये घोडीकडील पिकअप पोलादी पत्र्यावर तिरका बसविलेला असतो आणि पातळ तारांच्या बाजूस तो घोडीच्या अधिक जवळ असतो. त्याचा नाद धारदार व टणत्कारी असतो. धातूचे आवरण असलेला दांडीकडील पिकअप मृदू व गोलसर नाद देतो. दोन्ही पिकअप एकत्र वाजविण्याची सोय नेहमीच्या जोडणीत १९६७ पासून आली. तोपर्यंत खटक्याच्या एका टप्प्यावर अतिशय खर्जाचा, दबलेला नाद मिळत असे.

संगीतप्रकारांतील वापर

कंट्री: जेम्स बर्टन यांनी नखी आणि बोटे यांचा एकत्रित वापर करून तुटक, उसळत्या सुरावटींची शैली रूढ केली. बक ओवेन्स आणि डॉन रिच यांच्या वादनातून घोडीकडील पिकअपचा धारदार नाद बेकर्सफील्ड शैलीची ओळख बनला. क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स यांनी गिटारची दांडी खाली दाबून पट्ट्यावर ताण येताच दुसरी तार एक पूर्ण स्वर चढेल अशी यंत्रणा बसवून पेडल स्टील गिटारसारखी मींड साधली.

ब्लूज व सोल: मडी वॉटर्स यांनी तारांवर नळी सरकवून टेलिकास्टर वाजविली. अल्बर्ट कॉलिन्स नखीऐवजी बोटांनी तारा खेचत. त्यांच्या वादनातील थंड, बोचरा नाद विशेष ओळखला जातो. याउलट मेम्फिसमधील स्टॅक्स कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत स्टीव्ह क्रॉपर यांनी मोजके, आखूड स्वरसमूह वाजवून गायकाला जागा करून दिली.

रॉक व पंक: लेड झेपेलिनच्या १९६९ मधील पहिल्या अल्बमसाठी जिमी पेज यांनी प्रामुख्याने टेलिकास्टर वापरली. किथ रिचर्ड्स यांनी सहावी तार काढून उरलेल्या पाच तारा 'जी' मेजरमध्ये लावल्या. अँडी समर्स यांनी प्रतिध्वनी व फ्लँजर यांच्या साहाय्याने द पोलिसच्या संगीताला विस्तीर्ण पार्श्वभूमी दिली, तर द क्लॅशचे जो स्ट्रमर यांची काळी रंगविलेली १९६६ची टेलिकास्टर जोरकस, सरळ ठेक्यासाठी ओळखली जाते.

जॅझ: जॅझमध्ये पोकळ अंगाची गिटार प्रचलित असली तरी कॅनडाचे एड बिकर्ट यांनी दांडीकडील पिकअप व सौम्य नाद वापरून तितकाच उबदार परिणाम साधला. टेड ग्रीन आणि बिल फ्रिसेल यांनीही हे वाद्य निवडले.

फेरफार व मर्यादा

एकेरी वेटोळ्याचे पिकअप घरगुती विजेच्या चुंबकीय प्रभावाने गुणगुणतात आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज खूप वाढविल्यास ही गुणगुण ठळक होते. यावर उपाय म्हणून अनेक वादकांनी दोन वेटोळ्यांचे 'हंबकर' पिकअप बसविले. कॉलिन्स, रिचर्ड्स, समर्स आणि पुढे बिकर्ट यांच्या गिटारमध्ये दांडीजवळ असा बदल आढळतो. खुद्द फेंडर कंपनीनेही १९७२ पासून हंबकर असलेल्या आवृत्त्या काढल्या. स्लिपनॉटचे जिम रूट यांच्या नावाने निघालेल्या मेटलसाठीच्या आवृत्तीत दोन हंबकर आणि आवाजाचे एकच बटण आहे.

त्यामुळे टेलिकास्टरच्या बहुउपयोगीपणाची दोन कारणे वेगळी करून पाहावी लागतात. पहिले वादनाशी निगडित आहे: बोटांचा आघात, तारांची जुळणी, आवाजाचे बटण आणि अ‍ॅम्प्लिफायर यांतील लहान फरकही या साध्या विद्युतजोडणीतून स्पष्ट ऐकू येतात, क्रॉपर आणि पेज यांच्या वादनातील अंतर मुख्यतः यातून निर्माण होते. दुसरे रचनेशी निगडित आहे: स्क्रूने जोडलेले सुटे भाग सहज बदलता येत असल्याने वादकाला गिटार आपल्या गरजेप्रमाणे घडविता येते. रूट यांची गिटार हे त्याचे टोकाचे उदाहरण असून, तिच्यात बाह्य आकार मूळचा राहिला, नाद मात्र बदलला आहे.